वेलाच्या बुडाशी बांधलेली तार

वेलाला तार मी बांधली होती. हे वाक्य मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. माय शेवटची पडली तेव्हा तिच्या उशाशी बसून होतो, तिच्या कानातही नाही. आणि जिला ते सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं, तिच्या घरी गेल्या वर्षी पाट मांडून जेवून आलो, तेव्हाही नाही.

वाचणाऱ्याला वाटेल, तार बांधली तर बांधली, त्यात एवढं काय. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आमचं गाव कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं. घरामागं विहिरीलगत थोडी जागा होती, तिला आम्ही वाडी म्हणायचो. ती विहीर आजोबांनी बांधून काढलेली. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शननंतर पांगलेली माणसं परत गावात आली, तेव्हा सगळ्यात आधी त्यांनी विहिरीचा कठडा उभा केला, मग घर. असं माय सांगायची. घरात माय, माझा थोरला भाऊ म्हणजे दादा, दादाची बायको म्हणजे माझी वहिनी, आणि सुट्टीपुरता मी. वडील मी लहान असतानाच गेले होते.

मी तेव्हा वाळूजला एका कारखान्यात नवा लागलो होतो. बजाजनगरात आम्ही पोरं एका खोलीत राहायचो, आळीपाळीनं झोपायचो. काम वायरींचं. गाडीच्या पोटात रंगीत वायरींची जुडी असते, ती फळीवर मांडून जागोजागी करकचून बांधायची. बांधून झाली की तपासणारा ती हातात धरून ओढायचा. जराशी सैल लागली की परत टाकायचा, आणि सगळ्यांदेखत टाकायचा. पहिल्या महिन्यात माझ्या बऱ्याच जुड्या परत आल्या. नंतर एकही आली नाही. हाताला ती सवयच लागली. पक्कड धरली की पीळ देत राहायचा, पुढं सरकायला जागाच उरली नाही की थांबायचं. रविवारी एसटीनं गावी गेलो की दावणीचं दावंसुद्धा मी तसंच बांधायचो आणि दादा हसायचा. म्हणायचा, "आरं म्हैस हाय ती, मोटार न्हवं."

वहिनीला मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. ती पैठणकडची. बोलायची कमी, पण माझ्याशी बोलायची. शाळेत असताना माझा डबा तीच भरायची, मॅट्रिकच्या वेळी पहाटे चहा तीच करून द्यायची. मायचा स्वभाव वाईट नव्हता, हे मी आजही म्हणतो. पण मायच्या तोंडी त्या सुमारास एक विषय यायला लागला होता. तिच्या भावाच्या गावात एक मुलगी होती, तिचं नाव आडून आडून निघायचं. दादा "बघू" म्हणायचा. त्याचं "बघू" म्हणजे नाही हे वहिनीला कळायचं, आणि ते किती दिवस पुरेल याचा हिशोब तिच्या तोंडावर दिसायचा.

त्या वर्षी उन्हाळ्यात कन्नडच्या बाजाराला मी, माय आणि वहिनी गेलो होतो. तिथं बियांचे ढीग मांडून बसणारे एक चाचा होते. आम्हाला लहानपणापासून ओळखायचे. त्यांच्या पुढ्यात काशीफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, बिया होत्या, अंगठ्याएवढ्या, पांढऱ्याफेक.

माय म्हणाली, "चाचा, ह्या बिया का बटाट्याच्या फोडी?"

"हंस लेव अम्मा," चाचा म्हणाले. "इसका फल उठानेको दो आदमी लगते. एकसे नै होता. एकच बात है, छोटा रहता तब उंगली नै दिखाने का. शरमाके गिर जाता."

माय म्हणाली, "ते काय आमाला म्हाईत न्हाई व्हय? आमच्यातबी तसंच हाय."

हे आमच्याकडं सगळेच पाळतात. वेलाला नवं फळ धरलं की त्याच्याकडं सरळ बोट करायचं नाही. दाखवायचंच झालं तर बोट मुडपून, पेरानं दाखवायचं.

मायनं बिया पदरात घेतल्या आणि तिथंच, बाजारात, वहिनीकडं वळून म्हणाली, "ह्या तू लाव. तुझ्या एकटीच्या हातानं. दोन माणसांनी उचलायचं फळ तुझ्या हातनं झालं, तर मी त्या पोरीचं नाव घरात काढणार न्हाई. देवीपुढं ठेवीन ते फळ, आन् वाट बघीन."

वहिनीनं मान डोलावली. चाचांना काय चाललंय ते समजलं असावं, त्यांनी आणखी मूठभर बिया मायच्या पदरात टाकल्या आणि वर बघितलंच नाही.

आता हे ऐकून कुणी म्हणेल, अडाणीपणा. असेल. पण त्या घरात ते कबूल झालेलं होतं. मायनं शब्द दिला होता आणि माय शब्द पाळायची. म्हणून त्या बियांमधून काय उगवणार यावर वहिनीचं त्या घरात राहणं अवलंबून होतं. मला ते पक्कं माहीत होतं. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं मला सबब सांगता येणार नाही.

बी उगवलं. आळ्यातली चांगली रोपं बघून वहिनीनं एकच ठेवलं, बाकीची उपटली. उपटताना तिचा जीव खालीवर होत होता. रोपाला पानं फुटली, मग त्यानं मान टाकून धावायला सुरुवात केली. मोठं फळ पाहिजे असेल तर वेलाला मोकळं सोडून चालत नाही. वहिनीनं मधला मुख्य वेल विहिरीच्या दिशेनं सरळ नेला. बाजूला फुटणारे फाटे डावीकडं-उजवीकडं आडवे लावले, माशाच्या काट्यासारखे, आणि हातभर झाले की त्यांचे शेंडे खुडले. जिथं पान फुटतं त्या प्रत्येक पेरावर ओली माती दाबायची, म्हणजे तिथं खाली मुळ्या सुटतात आणि वेलाला जागोजागी पाणी प्यायला मिळतं. शेंडा वर उचललेला असतो, त्याच्याखाली दोन काड्यांची कैची लावायची. तो पुढं गेला की कैची पुढं न्यायची.

बांधायला ती जुन्या लुगड्याच्या चिंध्या वापरायची. मेखेभोवती एक फेरा, मग मधे पीळ, मग वेलाभोवती दुसरा फेरा, आणि तो इतका सैल की आत बोट जाईल.

मी एकदा म्हणालो, "वहिनी, ही काय गाठ झाली? आमच्यात असली गाठ बांधली तर घरी पाठवतील."

"तुमच्या वायरी वाढत नसत्याल भाऊजी," ती म्हणाली. "ह्यो वाढतो. आज करंगळीवानी हाय, उद्या आंगठ्यावानी होईल."

हे तिनं मला सांगितलं होतं.

फुलं आली तेव्हा सकाळी सकाळी नर फुलाचे पराग मादी फुलाला लावायचे होते. वहिनी नर फूल खुडून, पाकळ्या सोलून, हातात धरून लाजत उभी. माय विहिरीच्या कठड्यावर बसून म्हणाली, "नीट बघ गं. न्हाईतर नवऱ्यालाच नवरा लावशील." वहिनी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मायपण हसत होती. त्या दोघी तशा हसलेल्या मी पुन्हा पाहिल्या नाहीत.

फळ धरलं. लिंबाएवढं होतं तेव्हा वहिनीनं मला बोट मुडपून दाखवलं. नारळाएवढं झालं, मग घागरीएवढं. फळ फुगायला लागलं की ते आपल्याच वेलाला रेटतं, आणि देठ ताणला की फळ तुटतं. म्हणून वहिनी रोज वेल थोडा थोडा बाजूला सरकवायची. ते करायचं भर दुपारी. ऊन लागलं की वेल मऊ पडतो, हाताला वळतो. सकाळी तो ताठ असतो, हात लावला की काडकन मोडतो. गावातली माणसं दुपारची निजायची तेव्हा ती डोक्यावर पदर घेऊन वेलाशेजारी उकिडवी बसलेली असायची. शेजारपाजारच्या बाया कुंपणावरून बघायच्या आणि विचारायच्या, "कितवा म्हैना गं?" ती पदर पुढं ओढून घ्यायची. पण रागवायची नाही. मायसुद्धा बदलली होती. चहा झाला की पहिला कप वाडीत पाठवायची.

आषाढात घाटावरून वारा सुटतो. त्या वर्षी फार सुटला. पानं छत्रीएवढी झालेली, त्यांत वारा भरला की अख्खा वेल उचलून उलटा पडायला बघायचा. लुगड्याच्या चिंध्या फाटायच्या. त्या रविवारी मी घरी होतो आणि वहिनी बाहेर बसली होती. म्हणजे तिचे चार दिवस होते. त्या चार दिवसांत आमच्याकडं बाई वेलाच्या जवळ जात नाही, तिची सावलीही पडू देत नाहीत. ती पडवीच्या टोकाला बसून मान उंच करून वाडीकडं बघत होती.

माय म्हणाली, "आरं, बुडाशी हालतोय बघ येल. तेवढा बांध."

मी बघितलं. मुळाजवळची चिंधी सुटली होती आणि वेल बुडापासून गदगदत होता. माझ्या पिशवीत कारखान्यातले वायरीचे तुकडे होते. भंगारात जायचे, आम्हाला न्यायला मुभा होती. बारीक, लाल कवचाची तार. मी मेख खोल ठोकली, वेलाच्या बुडाभोवती तार घेतली आणि पक्कडीनं पीळ दिला. एक, दोन, तीन. मग ओढून बघितली. हलली नाही. मला बरं वाटलं. अगदी खरं लिहायचं तर मला वाटलं की तपासणारा इथं असता तर त्यानं मान डोलावली असती. मग नेहमीप्रमाणे वर ओली माती चढवली आणि थापून दिली. तार दिसेनाशी झाली.

पडवीतून वहिनी ओरडली, "भाऊजी, सैल हाय ना?"

मी म्हणालो, "हाय, हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी निघून आलो. पुढचा रविवार जादा कामात गेला, त्याच्या पुढचाही. मला गावची आठवण आली नाही असं नाही. पण तार बांधली होती, ती सुटणार नव्हती, त्यामुळं मी निश्चिंत होतो.

मधल्या काळात काय झालं ते मला नंतर कळलं. मी निघालो त्याच दिवशी, दिवस मावळताना पाऊस पडला. फळाखाली पाणी साचलं. माय देवळात गेलेली, दादा शेतात. पाण्यात राहिलं तर फळ खालून नासतं हे वहिनीला ठाऊक होतं. तिनं थोडा वेळ पडवीतून वाट बघितली. मग उठली, कडबा घेऊन गेली, फळाला खांदा लावून एका बाजूनं उचललं आणि खाली कडबा सारला. एकटीनं. मग परत येऊन आपल्या जागेवर बसली.

आठवड्याभरानं पानं दुपारची माना टाकायला लागली. आधी संध्याकाळी सावरायची, मग संध्याकाळीही सावरेनात. पेरांखालच्या मुळ्या होत्या म्हणून वेल एकदम गेला नाही, रेंगाळला. बुडाकडून काळा पडत वर आला. फळाच्या देठाजवळ पिवळा डाग आला आणि तो बोटानं दाबला की आत जायला लागला. मायनं फळाखालचा कडबा बघितला. विचारलं, "ह्यो कवा घातला? कुणी घातला?"

वहिनी म्हणाली, "मीच."

"कवा?"

तिला खोटं सांगता आलं असतं. एक दिवस इकडं की तिकडं, कुणाला काय कळणार होतं? पण तिनं खरं सांगितलं. म्हणाली, फळ बुडत होतं, मी गेले.

तिसऱ्या रविवारी मी पोचलो तेव्हा तिघं तीन ठिकाणी होती. माय चुलीपुढं. वहिनी उंबऱ्यापाशी, भिंतीला टेकून. दादा बाहेर बाजेवर. मायनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "इचार तुझ्या वहिनीला. चार दिवस धीर निघाला न्हाई तिला. हात लावला फळाला. आता माझ्याकडं बगू नगा कुणी. देवीनं सांगायचं ते सांगितलं."

वहिनी म्हणाली, "ते बुडत व्हतं, आत्या." इतकंच. हे वाक्य तिनं आधी कितीतरी वेळा म्हटलं असणार, त्यातला जोर निघून गेला होता.

दादा उठून माझ्याजवळ आला. मला बाजूला घेतलं आणि हळू म्हणाला, "तू जरा बघ. तू शिकलेला हाईस. उंदरानं कुरतडलं असंल, कीड लागली असंल, कायबी असंल. कायतरी असंल ना? बघ जरा."

मी आज हे लिहिताना त्याचा चेहरा बघतो आहे. त्याला कारण पाहिजे होतं. कसलंही. एखादी अळी जरी मी तळहातावर आणून दाखवली असती, तरी त्यानं ती मायपुढं नेली असती आणि बायकोला वाचवलं असतं. माय ऐकणारी बाई होती. बाजारातला शब्द जसा तिनं सगळ्यांसमोर दिला होता, तसा तो सगळ्यांसमोर दुरुस्तही केला असता.

मी वाडीत गेलो. बुडाशी बसलो. माती उकरली. वास आधी आला. मग लाल तार दिसली. वेल तिच्या दोन्ही बाजूंनी फुगला होता आणि मधे कापला गेला होता. वाऱ्यानं वेल हलत राहिला, तार हलली नाही. करवतीसारखं झालं. ती जखम ओल्या मातीत पुरलेली, सडत सडत वर गेली होती. बघितल्याबरोबर सगळं कळलं. विचार करायची गरजच पडली नाही.

मी नखानं पीळ उलगडायला गेलो, उलगडेना. पक्कडीशिवाय उलगडू नये अशीच ती गाठ असते. शेवटी सडलेला वेलच बाजूला सारून तार ओढून काढली.

मागून दादाची हाक आली. तो वाडीच्या कवाडात उभा होता. "सापडलं का रं काय?"

तार माझ्या मुठीत होती. मी म्हणालो, "न्हाई. काय न्हाई."

त्यानं कवाडावरचा हात काढला. मग "बरं" म्हणाला आणि आत गेला. त्याच्या चालण्यावरून मला समजलं की त्यानं बायको सोडली.

का बोललो नाही? याचं उत्तर मी इतकी वर्षं स्वतःला वेगवेगळं देत आलोय. मायचा मी हुशार मुलगा होतो, गावातून कंपनीत गेलेला. दादा मला "शिकलेला" म्हणत होता आणि शिकलेल्यानं वेलाचा गळा आवळला होता. ते तोंडातून निघेना. मग वाटलं, राग निवला की सांगू. मग वाटलं, एका भोपळ्यापायी कुणी बाईला घालवतं काय, होईल शांत. पण हे शेवटचं खोटं आहे. बाजारात मी उभा होतो. मला माहीत होतं.

तार मी खिशात घातली आणि परतीच्या वाटेवर एसटीच्या खिडकीतून पिशोरच्या फाट्याजवळ फेकून दिली.

श्रावण सरल्यावर दादा वहिनीला माहेरी सोडायला निघाला. कन्नडहून येणारी गाडी बदलून पैठणची धरायची, म्हणून ती दोघं शहराच्या मोठ्या बस स्टँडवर थांबणार होती. मला निरोप होता. मी गेलो. दादा गाडीची चौकशी करायला गेला आणि आम्ही दोघं बाकावर राहिलो. तिच्या मांडीवर एक ट्रंक, वर कापडी पिशवी.

ती म्हणाली, "भाऊजी, जेवता का नीट? खोलीवर कोण करतं?"

मी म्हणालो, "करतो आम्हीच."

"डाळ शिजत न्हाई म्हणत व्हता मागं. मीठ आधी घालू नका." मग ट्रंकेवरची पिशवी सरळ करत म्हणाली, "माझ्यामुळं आत्यांचा शब्द वाया गेला. मला बसवलं न्हाई तेवढं. चार दिवस बसायचं व्हतं निस्तं."

मी तिला चहा आणून दिला. एवढंच केलं. गाडी लागली, दादानं ट्रंक वर टाकली, ती खिडकीत बसली. सुटताना तिनं मला हात केला. मीही केला.

वर्षाच्या आत दोन्हीकडच्या माणसांनी बसून फारकत केली. दादानं दुसरं लग्न केलं, त्या मुलीशीच. त्याला दोन मुली आहेत. चांगल्या आहेत. तो सुखी आहे का ते मी विचारलेलं नाही. माझ्याशी तो नीट वागतो, आणि त्याचं नीट वागणं मला सोसत नाही, म्हणून मी गावी कमी जातो. लोकांना वाटतं मी शहराचा झालो. माझ्या बायकोला वाटतं मला काशीफळ आवडत नाही. सर्वपित्रीला घरात आणलं की मी ड्युटी बदलून घेतो.

गेल्या वर्षी एका सोबत्याच्या घरच्या कार्याला पैठणला गेलो होतो. जेवणं उशिरा होती म्हणून बाजारात फिरत होतो. एका भाजीच्या पालापाशी कुणीतरी म्हणालं, "भाऊजी न्हवं?"

केस पांढरे झालेले, बाकी तीच. मी ओळखायच्या आधी तिनं मला ओळखलं होतं. नातं तुटून किती वर्षं झाली, तरी तिच्या तोंडून "भाऊजी"च आलं. माझं काही ऐकून न घेता ती मला घरी घेऊन गेली. भावाकडं राहते. भाऊ पैठणीच्या मागावर काम करतो, ती त्याच्या घरचं बघते, थोडी भाजी पिकवून विकते. भाऊ मजुरी आणायला बाहेरगावी गेला होता. घरात ती आणि भावाची मुलगी, कॉलेजात जाणारी.

घरामागं वेल होते. काशीफळाचे. चिंध्यांनी बांधलेले, फेऱ्यात बोट जाईल असे सैल. मी बघत उभा राहिलो तर ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि बोट मुडपून एक कोवळं फळ दाखवलं. "तसलं मोठं न्हाई हं ह्ये. साधंच हाय. पर धरतं बिचारं."

मग म्हणाली, "तुमी आलात ते बेस झालं. सकाळपासून एक कापायचंय, आन् घरात गडीमाणूस न्हाई. तेवढी सुरी लावा."

आमच्याकडं अख्खं काशीफळ बाई आधी कापत नाही. पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग बाईनं चिरायचं. का, तर ते घरच्या थोरल्या मुलासारखं असतं म्हणतात. तिनं फळ माझ्यापुढं ठेवलं आणि सुरी दिली. मी सुरी टेकवली. साल जाड होती. दाबली तेव्हा आत गेली. मग मी तिथंच थांबलो, पुढं ओढली नाही, आणि तिला वाटलं सवय नाही.

"शहरात राहून हात गेले तुमचे," ती हसून म्हणाली आणि फळ आपल्याकडं ओढून घेतलं.

तेवढ्यात तिची भाची मागच्या दारानं वाडीकडं निघाली. कोथिंबीर आणायला असेल. वहिनी एकदम कडाडली. तिचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. "थांब! कुठं चाललीस? सांगितलंय ना, ह्या दिसांत तिकडं फिरकायचं न्हाई?"

मुलगी वैतागून म्हणाली, "आत्या, कुठल्या काळात राहतेस गं तू? झाडाला काय कळतंय?"

"झाडाला कळत न्हाई?" वहिनी म्हणाली. तिनं माझ्याकडं बोट केलं. सरळ बोट. "इचार ह्यांना. ह्यांनी डोळ्यानं बघितलंय. दोन माणसांचं फळ गेलं माझ्या एका हातानं. माझं झालं ते झालं, तुझं व्हायला नको."

मुलगी माझ्याकडं बघायला लागली. तिला खरंच उत्तर पाहिजे होतं. तिला वाटत होतं, हा शहरातला माणूस तिच्या बाजूनं बोलेल.

मी खाली बघितलं. मुलगी पाय आपटत आत गेली आणि पडवीच्या टोकाला, एका गोणपाटावर जाऊन बसली.

इतकी वर्षं मी समजत होतो की वहिनीवर अन्याय झाला हे तिला आतून माहीत असेल. नियम वेडगळ, सासू हट्टी, नवरा कच्चा, असं काहीतरी ती मनात म्हणत असेल. मला त्याचा आधार होता. तसं काही नव्हतं. तिनं ते खरं मानलं होतं. मी मूठ मिटली त्या दिवसापासून ती स्वतःला दोषी धरून जगली आणि आता तो दोष पुढच्या पोरीच्या पदरात बांधत होती, प्रेमानं.

तिनं भाजी केली. मला वाढली. मी खाल्ली. तिनं विचारलं मीठ बरोबर आहे का. मी हो म्हणालो. निघताना तिनं उरलेल्या फळाच्या बिया कागदात बांधून दिल्या. "बजाजनगरात जागा असंल थोडी दारापुढं. लावा. आन् बांधताना सैल बांधा."

बिया अजून कपाटात आहेत. लावलेल्या नाहीत.

हे लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, लिहून झालं की सुटेन. तसं होत नाही. यात मी कुणाचं नाव घातलेलं नाही. वहिनी वाचत नाही, दादा वाचत नाही, आणि त्या मुलीच्या हातात हे पडावं अशी कुठलीच तजवीज मी केलेली नाही. म्हणजे इथंही मी माती लावून थापून दिलीच.

मी वहिनीचं एक वाक्य देणं लागतो. वेलाला तार मी बांधली होती. ते मला तिच्या घरी जाऊन, तिच्यासमोर, त्या मुलीसमोर आणि दादाला शेजारी उभं करून, तोंडानं बोलायचं आहे. अजून बोललेलो नाही.